ऑनर रुआनचं कापलेलं पान

१

पान फाडलेलं नव्हतं, कापलेलं होतं. फाडणारा रागात असतो. कापणाऱ्याने आधी विचार केलेला असतो.

किलबाराच्या चर्चमागच्या खोलीत फादर टिमनींनी बाप्तिस्म्याची जुनी वही माझ्यापुढे उघडली, तेव्हा शिवणीपाशी एक बारीक सरळ कड तेवढी उरली होती. १८८३ सालची सुरुवातीची पानं, जानेवारीनंतर एकदम मे. मधलं पान गायब.

"दाढीच्या पात्याने कापलंय," फादर म्हणाले. तरुण माणूस, येऊन जेमतेम वर्ष झालेलं. चेहरा पांढराफटक पडला होता. "इटाबाई, बिशपना काय तोंड दाखवू मी?"

"बिशपचं नंतर बघू. वही कोणाकोणाला दाखवलीत?"

मी इटा लॉफ्टस. काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, मुख्य गावी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर माझं टेबल आहे. अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून लोक आपली मुळं शोधत येतात आणि मी त्यांना जुन्या नोंदींतून त्यांची माणसं काढून देते. प्रत्येकाला वाटतं, आपला पणजोबा राजघराण्यातला निघणार. निघतो तो दुसऱ्याची मेंढरं राखणारा. त्याच सकाळी ब्रुकलिनहून आलेल्या एका गृहस्थांनी माझ्यावर तोंडसुख घेतलं होतं. त्यांच्या आजोबांचा बाप्तिस्मा मार्चमधला आणि जन्म मे महिन्यातला, हे कसं? मी म्हटलं, साहेब, तुमच्या पणजोबांना विचारा. पोर जन्मल्याचं सहा आठवड्यांच्या आत सरकारात कळवलं नाही तर दंड बसायचा. आमची माणसं सवडीने जायची आणि कारकुनाला बिनदिक्कत सांगायची, 'आत्ताच तर झालंय हो पोर.' फादरसमोर खोटं बोलणं म्हणजे पाप, आणि सरकारसमोर खोटं बोलणं म्हणजे व्यवहार. गृहस्थ रागाने निघून गेले.

पण हे काम तसलं नव्हतं. तळ्याकाठची सबाइना रुआन, वय ब्याऐंशी, मागे कोणी नाही. आपली आत्या ऑनर १९०१ साली अमेरिकेला गेली, तिच्या वंशातलं कोणी सापडलं तर घर आणि तळ्याकाठची सगळी जमीन त्याला द्यायची, एवढाच ध्यास तिने घेतला होता. तिच्या वतीने अमेरिकेतल्या आमच्या लोकांच्या वर्तमानपत्रात जाहिरात मीच दिली होती. दोन आठवड्यांपूर्वी वॉरन डीगन नावाचा माणूस पेनसिल्व्हेनियातून दाखल झाला. म्हणाला, मी ऑनरचा नातू. शुक्रवारी वकिलासमोर सही व्हायची होती, आणि वकिलाला ऑनरच्या बाप्तिस्म्याची नोंद हवी होती.

नेमकं तेच पान नव्हतं.

"दोघांनीच वही पाहिली," फादर म्हणाले. "परवा मी डीगनना ती काढून दिली आणि तेवढ्यात आजाऱ्याकडचं बोलावणं आलं. तासभर मी नव्हतो. डीगन वहीपाशी. आणि चर्चची घंटा वाजवणारा फेस्टस मॉइल्स दोराला तेल लावत होता. किल्ल्या त्याच्याकडे असतात." त्यांनी वही मिटली. "गावात सगळे फेस्टसचंच नाव घेतायत. वीस वर्षं सबाइनाबाईंच्या कुरणात त्याची गुरं चरतायत. वारस उभा राहिला तर त्याचं सगळं जातं."

"तुम्हाला काय वाटतं?"

फादरनी खिडकीतून तळ्याकडे पाहिलं. नोव्हेंबरचं पाणी, शिशासारखं. "मला एवढंच माहीत आहे, की सबाइनाबाईंचा कुत्रा आज सकाळी तळ्यात सापडला. मेलेला."

२

दार वॉरन डीगननेच उघडलं. पन्नाशीचा, गुळगुळीत चेहऱ्याचा, मऊ बोलणारा माणूस. दोन आठवड्यांत त्याला चहाचा डबा कुठे आणि चमचे कुठे सगळं पाठ झालं होतं. चुलीत पीटच्या, दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, विटा धुमसत होत्या. सबाइनाबाई खुर्चीत शाल पांघरून बसल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी कुत्र्याची चटई रिकामी होती.

"ये गं इटा. पाव घे, वॉरनने भाजलाय. माझ्याहून चांगला भाजतो मेला."

"मावशी मला लाजवते," वॉरन हसला. मग गंभीर झाला. "टॉसचं वाईट झालं. म्हातारा कुत्रा. तोल गेला असणार."

"पंधरा वर्षं त्याच काठावर पाणी प्यायला तो," सबाइनाबाई हळूच म्हणाल्या. वॉरनने त्यांच्या कपात चहा ओतला.

पुरावा म्हणून वॉरन ऑनरचं एक पदक घेऊन आला होता. मी ते पाहायला मागितलं. त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. चांदीचं छोटं पदक, एका बाजूला मेरीमाता, पाठीवर बारीक अक्षरांत कोरलेलं: ऑनर रुआन, जन्म २ एप्रिल १८८३. माझ्या पिशवीत डब्लिनहून आणवलेला सरकारी जन्मनोंदीचा उतारा होता. मी तो ताडून पाहिला. २ एप्रिल १८८३. तंतोतंत.

"निरोपाच्या रात्री तिच्या आईने लपवून हातात ठेवलं," वॉरन म्हणाला. "आजीने मरेपर्यंत गळ्यातून काढलं नाही."

"म्हणजे माझी आजी एवढी कठोर नव्हती गं," सबाइनाबाई माझ्याकडे वळल्या. डोळे भरून आले होते. "सगळ्यांदेखत तिने पोरीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. पण हातात पदक दिलं की नाही?"

ती गोष्ट किलबारात पोरासोरांनाही ठाऊक आहे. ऑनर जन्मली ती अशक्त. रात्र काढणार नाही म्हणून फादर मॅलाकी कॉन्वेंना तळ्यापलीकडून बोलावलं. त्यांनी घरातच बाप्तिस्मा दिला आणि परत जाताना वादळात होडी उलटली. पोर वाचली, फादर गेले; बाप्तिस्म्याची नोंदही त्यांच्या मागून आलेल्या फादरनी वहीत केली. तेव्हापासून ऑनर म्हणजे फादरला बुडवणारी. तिच्याबरोबर कोणी खेळलं नाही, कोणी मागणी घातली नाही. अठराव्या वर्षी तिला अमेरिकेचं तिकीट काढून दिलं, आणि तेही सुटका झाल्यासारखं.

"आदल्या रात्री कोणी आलं नाही," सबाइनाबाई सांगू लागल्या. मी हे पूर्वी ऐकलं होतं, तरी ऐकत राहिले. "दुसरं कोणी जायचं असलं की रात्रभर घर भरलेलं असायचं. नाच, गाणी, रडणं, मयतासारखं. आणि सकाळी सगळं गाव निरोपाच्या दगडापर्यंत चालत जायचं. जाणारा वळणाआड होईपर्यंत मागे फिरायचं नाही, ही रीत. तिच्याबरोबर एक माणूस नाही गेलं. आणि मी... सात वर्षांची होते मी. फाटकावर चढून ओरडले, 'फादरला बुडवणारी! फादरला बुडवणारी!' तिने वळून पाहिलं. बोलली नाही. गेली."

चुलीत वीट कोसळली. वॉरनने पुढे वाकून म्हातारीचा हात हातात घेतला.

"आजी शेवटी शेवटी म्हणायची, फाटकावरच्या त्या पोरीला सांगा, माझा राग नाही."

सबाइनाबाई रडल्या, अगदी लहान मुलीसारख्या. 

"हे त्यांनी आल्या दिवशीच सांगितलं का तुम्हाला?" मी सबाइनाबाईंना विचारलं.

"छे गं. मी त्याला फाटकाचं सांगितलं, त्यानंतर चार दिवसांनी आठवलं त्याला."

वॉरनने कप विसळायला घेतले. पाठमोराच म्हणाला, "शुक्रवारी सही होऊ दे. शनिवारी मी मावशीला होडीतून तळ्यात नेणार आहे. जिथे फादर बुडाले तिथे फुलं वाहायला. तिच्या मनातली पाण्याची भीती गेली पाहिजे."

"नोव्हेंबरात? होडीतून? त्यांना?"

"मी असेन की बरोबर," तो म्हणाला.

दारापर्यंत सोडायला सबाइनाबाई स्वतः आल्या. माझं मनगट त्यांनी घट्ट धरलं. "ते पान शोध, इटा. वकील हटून बसलाय. जमिनीचं मला काही नाही. पण मी तिचं देणं लागते, आणि ते फेडल्याशिवाय मला मरायचं नाहीये."

३

फेस्टस मॉइल्स गोठ्यात बसून मेंढीचे खूर तासत होता. हातात पातं. मला पाहून त्याने ते मुद्दामच उजेडात वर धरलं.

"या इटाबाई. गावाने फाशी सुनावलीच आहे. तुम्ही काय दोराचं माप घ्यायला आलात?"

"पान तू कापलंस का?"

"मला कापायचंच असतं तर अख्खी वही तळ्यात भिरकावली असती. एक पान, तेही सुबक? अहो, माझी दाढी बघा. या हाताला सुबक काही जमतं का?"

दाढी खरोखरच तीन ठिकाणी कापली होती.

"तुझं नुकसान होणार आहे, फेस्टस. सगळ्यांना माहीत आहे."

"होणार आहे तर होणार आहे." त्याने मेंढीला ढकलून दिलं. "वीस वर्षं मी त्या बाईचं पीट काढतो, छप्पर शाकारतो. कोणी विचारलं का मला, तू का करतोस? कुरणासाठीच करतो म्हणा! थोडं कुरणासाठी, थोडं... जाऊ दे. आणि हा कालचा आलेला सद्गृहस्थ पाव भाजतो म्हणून देवदूत."

"तू त्याला वहीपाशी पाहिलंस?"

"मी दोराकडे बघत होतो. पण माणूस कामसू, हे मान्य केलं पाहिजे. आपण होऊन फळा हलवायला आला."

"कसला फळा?"

"मृतांचा हो. दर नोव्हेंबरला गावातल्या मेलेल्यांची नावं लिहून वेदीपाशी लावतो ना? यंदा त्याने तो बाजूच्या भिंतीला टेकवला. फादरना म्हणाला, तिथे उजेड बरा." फेस्टस थुंकला. "त्या भिंतीवर उजेड! चर्च बांधल्यापासून तिथे सूर्य फिरकलेला नाही. पण फादर नवे आहेत आणि अमेरिकन आहे गोड बोलणारा."

मी निघाले. तो मागून म्हणाला, "आणि टॉस बुडाला नाही. त्याला बुडवलंय."

"पाहिलंस?"

"नाही. पण त्या घरात त्याच्यावर भुंकणारा तो एकच होता."

४

गुरुवारी दुपारपर्यंत माझ्या डोक्यात एकच कोडं घोळत होतं. फेस्टसने पान कापलं असेल तर समजण्यासारखं होतं, कारण वारसाचा पुरावा नाहीसा होतो. पण फेस्टसला मी चाळीस वर्षं ओळखते. तो शिव्या देतो, भांडतो, कोर्टात खेचीन म्हणतो. चोरून मात्र काही करत नाही. तेवढा धीरच नाही त्याच्याकडे.

मग दुसरं कोण? वॉरनला तर ते पान हवं होतं. त्याच्याच फायद्याचं ते पान.

तेवढ्यात ब्रुकलिनचे गृहस्थ जिना चढून आले. राग निवळला होता. आजोबांच्या नोंदींच्या नकला न्यायच्या होत्या.

"तुमचं म्हणणं पटलं मला," ते टोपी काढत म्हणाले. "रात्री आठवलं. आजोबांचा वाढदिवस आम्ही मार्चमध्येच करायचो. सेंट पॅट्रिकच्या सणाला लागून. मे महिन्यात कधीच नाही. मे महिना घरात कोणाला माहीतच नव्हता, तो मी इथल्या कागदावरच पाहिला."

"कुठून माहीत असणार," मी नकला बांधता बांधता म्हणाले. "घरच्यांना खरी तारीख माहीत असते. सरकारला..."

आणि माझा हात थांबला.

सरकारला दिलेली तारीख घरात कोणी सांभाळत नाही. ती कोणाच्या लक्षातही राहत नाही. दंड चुकवला की ती विसरायची असते. मग निरोपाच्या रात्री आईने मुलीच्या हातात ठेवलेल्या पदकावर ती कशी आली?

पण हे अजून निव्वळ माझं अनुमान होतं. ऑनर खरोखरच २ एप्रिलला जन्मली असेल तर? सगळेच बाप काही उशीर करत नव्हते. तिच्या बाप्तिस्म्याचा दिवस कळला तरच उलगडा होणार. आणि ते पान तर...

बाप्तिस्म्याचा दिवस म्हणजेच फादर कॉन्वे बुडाले तो दिवस. तो कोणता? गोष्ट अख्ख्या गावाला पाठ, पण दिवस? वादळ, रात्र, उलटलेली होडी. एवढंच सांगतात सगळे. मी जन्मापासून त्या चर्चमध्ये जाते. बाजूच्या भिंतीवर फादर कॉन्वेंच्या नावाचा दगड आहे हे मला माहीत आहे. त्यावर काय लिहिलंय, ते मी एकदाही वाचलेलं नाही. रोज डोळ्यांसमोर असतं ते कोण वाचतं?

बाजूची भिंत!

मी कोट उचलला. ब्रुकलिनचे गृहस्थ नकला हातात धरून तसेच उभे राहिले.

५

चार वाजता दिवस मावळायला लागला होता. चर्चमध्ये कोणी नव्हतं. वेदीपाशी एक दिवा मिणमिणत होता. मृतांचा फळा बाजूच्या भिंतीला उभा होता, माणसाच्या उंचीचा, ओकच्या लाकडाचा. गावातल्या सगळ्या मेलेल्यांची नावं. माझ्या आईचं होतं, माझ्या नवऱ्याचं होतं.

"माफ करा हो सगळ्यांनी," म्हणून मी फळ्याला खांदा लावला. तो कण्हत हातभर सरकला.

मागे दगड होता. शेवाळ धरलेला, अक्षरं निम्मी काळी. मी बोटांनी चाचपत वाचलं. रेव्हरंड मॅलाकी कॉन्वे. एका बालकाला बाप्तिस्मा देऊन परतताना या तळ्यात बुडाले. ४ फेब्रुवारी १८८३.

"त्या भिंतीशी अंधार आहे, बाई," मागून मऊ आवाज आला. "डोळ्यांना त्रास होईल."

वॉरन डीगन मधल्या वाटेवर उभा होता. कधी आला, मला कळलं नव्हतं. त्याच्या हातमोज्यांतून पाणी ठिबकत होतं.

"होडी पाहून आलो," तो म्हणाला. "थोडी गळते. पण दोघांना पुरेल."

तो एक पाऊल पुढे आला. मी फळ्याच्या कडेला घट्ट धरून उभी राहिले. 

त्याच क्षणी डोक्यावर घंटा घणघणली. संध्याकाळच्या प्रार्थनेची. वॉरनने वर पाहिलं. दोराशी फेस्टस होता, दर संध्याकाळी असतो तसा. घंटा वाजवताना तो आमच्या दोघांकडे टक लावून पाहत होता. त्याने ती नेहमीपेक्षा बराच वेळ वाजवली.

६

शुक्रवारी सकाळी सबाइनाबाईंच्या स्वयंपाकघरात वकील गिल्हूली कागद मांडून बसले होते. फादर होते. फेस्टसला मी बोलावलं होतं. तो टोपी कुरवाळत दाराशीच उभा राहिला.

"पान नाही, म्हणजे सही नाही," वकील म्हणाले. "नाहीतर इटाबाईंनी दुसरा काही पुरावा द्यावा."

"आणलाय," मी म्हणाले. "आधी पान कोणी कापलं ते सांगते. आपण सगळ्यांनी एक धरून चाललो होतो, की त्या पानाने वॉरन डीगन यांचं नातं सिद्ध झालं असतं. म्हणून ज्याचं नुकसान तो चोर. म्हणून फेस्टस. पण त्या पानाने नातं तुटलं असतं तर?"

"म्हणजे?" फादर म्हणाले.

"पदक द्या."

वॉरनने ते टेबलावर ठेवलं. हात अगदी स्थिर होता. मी शेजारी सरकारी उतारा ठेवला.

"दोन्हींवर २ एप्रिल. काल दुपारपर्यंत मला वाटत होतं, जुळतं म्हणून हे खरं. पण ते जुळतं हीच चूक आहे. फादर कॉन्वे ऑनरचा बाप्तिस्मा करून परतताना बुडाले, आणि चर्चमधल्या दगडावर त्याचा दिवस कोरलाय, ४ फेब्रुवारी. बाप्तिस्मा फेब्रुवारीत आणि जन्म एप्रिलमध्ये, असं देवाच्या घरी होत नाही. सरकारच्या घरी होतं. सबाइनाबाई, तुमच्या आजोबांनी दंड चुकवायला दोन महिने पुढची तारीख सांगितली. घरोघरी हेच व्हायचं."

"आमच्या बाबांचंही तसंच आहे," फेस्टस दारातून पुटपुटला. "दोन वाढदिवस, आणि भेट एकदाही नाही."

"ती तारीख फक्त सरकारी दप्तरात होती. चार पैसे पाठवले तर डब्लिनहून कोणालाही उतारा मिळतो. ज्याने पदक कोरून घेतलं त्याच्याजवळ उतारा होता, आठवण नव्हती. इथे आल्यावर त्याने बुडालेल्या फादरची गोष्ट ऐकली आणि त्याच्या ध्यानात आलं, की बाप्तिस्म्याची वही त्याला उघडं पाडणार. त्याने पान कापलं. मग दगड दिसला. दगड कापता येईना, म्हणून त्याच्यापुढे फळा आणून ठेवला."

"देवा!" फादर म्हणाले. "आणि मी खालून फळा उचलून दिला त्याला."

वॉरन हसला. "आजीने अमेरिकेतून उतारा मागवला असेल. नंतर कोरून घेतलं असेल."

"तुम्हीच सांगितलंत, निरोपाच्या रात्री आईने हातात ठेवलं. तुम्ही त्या आईचा विचार करा, साहेब. तिच्या डोळ्यांदेखत पोरीचा बाप्तिस्मा झाला आणि दोन तासांनी फादर बुडाल्याची बातमी आली. ती रात्र ती बाई विसरेल? आणि कारकुनाला मारलेली थाप चांदीवर कोरून घेईल?"

वॉरनने पदक उचलून रुमालात बांधलं. घाई नाही, राग नाही. कोट घातला. मग सबाइनाबाईंच्या खुर्चीपाशी थांबला.

"दोन आठवडे मी हिला सुखात ठेवलं," तो मला म्हणाला, अजूनही त्याच मऊ आवाजात. "गेल्या सत्तर वर्षांत कोणी ठेवलं नव्हतं. तुम्ही एका सकाळीत ते काढून घेतलंत. अभिनंदन."

"आणि उद्या होडीतून कुठे नेणार होतास तिला?" फेस्टस म्हणाला.

वॉरन कोटाची बटणं लावत दाराकडे वळला. फेस्टस बाजूला झाला आणि तो निघून गेला. रस्त्यावर त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. पुढे त्याला कोणी पकडलं की नाही, मला माहीत नाही. टॉसचंही काही सिद्ध झालं नाही. नंतर एवढंच कळलं, की होडीच्या तळाची एक फळी कोणीतरी सैल करून ठेवली होती.

७

वकिलांनी कागद आवरले. फादर हळू आवाजात काही तरी प्रार्थना म्हणत होते. सबाइनाबाई चुलीकडे बघत होत्या. त्यांना वाचवल्याचा मला अभिमान वाटायला हवा होता. नाही वाटला.

"इटा," त्या म्हणाल्या. "म्हणजे ते फाटकाचंही त्यानेच रचलं."

"हो."

"माझा राग नाही असं ती म्हणालीच नाही."

मला खोटं सांगता आलं असतं. शोधू, खरा नातू सापडेल, तो सांगेल, असं काहीतरी. माझं अख्खं आयुष्य मेलेल्यांबद्दल खरं सांगण्यात गेलंय. "माहीत नाही, सबाइनाबाई. म्हणाली असेल, नसेल. ते कुठे लिहिलेलं नसतं."

त्यांनी मान हलवली. मग खुर्चीचे हात धरून उठू लागल्या. मी धावले.

"काठी दे माझी. आणि तो काळा कोट."

"कुठे निघालात?"

"दगडापर्यंत."

"अहो, मैलभर आहे! पाऊस यायचा."

"तिच्या वेळीही होता," सबाइनाबाई म्हणाल्या.

फेस्टसने काही न विचारता आपला दंड पुढे केला. त्यांनी धरला. फाटकापाशी त्या क्षणभर थांबल्या, लाकडावर हात ठेवला आणि मग बाहेर पडल्या. आम्ही चौघं हळूहळू चालत राहिलो, दर थोड्या वेळाने थांबत. फादरनी सबाइनाबाईंच्या डोक्यावर छत्री धरली होती आणि ती निम्मी त्यांच्याच खांद्यावर गळत होती.  सबाइनाबाईंचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

निरोपाचा दगड साधाच आहे. रस्त्याच्या कडेला गुडघाभर उंच, वर टेकून टेकून गुळगुळीत झालेला. तिथून रस्ता स्टेशनकडे उतरतो आणि शेवटी डावीकडे वळतो. सबाइनाबाई फेस्टसचा हात सोडून दगडाला टेकून उभ्या राहिल्या.

"ऑनरआत्या," त्या मोठ्याने म्हणाल्या. आवाज फाटला, त्यांनी पुन्हा हाक मारली. "ऑनरआत्या, मी सबाइना गं. चुकलं माझं. सांभाळून जा. पोचलीस की कळव."

फेस्टसने टोपी काढली. फादरनी छत्री मिटली, का ते त्यांनाच माहीत.

जाणारा वळणाआड होईपर्यंत मागे फिरायचं नाही, ही रीत. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आम्ही पावसात उभे होतो आणि सबाइनाबाई त्या रिकाम्या उतारावरून नजर हळूहळू खाली नेत होत्या, बोचकं घेऊन चालणाऱ्या माणसाला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ घेत. नजर वळणापाशी पोचली. तिथे ती जरा थांबली.

"गेली," सबाइनाबाई म्हणाल्या.

मग त्या वळल्या आणि आम्ही त्यांना घरी घेऊन आलो.